काकांची कोरडी बोट

आमचे काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात पाण्याशी वैर धरायचे. त्यांची रिमोटवर चालणारी बोट तळ्यात सोडली की हटकून एक थेंब वायरीच्या जोडात शिरायचा आणि बोट मधेच मान टाकायची. त्याचा राग त्यांनी आमच्या बाथरूमवर काढला. टबात कायम एखादी बोट भिजत असायची, फरशीवर वायरींचं जाळं, आणि आम्ही अख्खं घरदार टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या मावशींकडे आंघोळीला. काका स्वतः दुकानामागच्या नळावर उरकायचे.

उपकाराची फेड म्हणून त्यांनी मावशींच्या दारावरच्या घंटीचं बटण सिलिकॉन भरून पक्कं केलं. तेव्हापासून घंटी वाजतच नाही. आम्ही दार ठोठावतो. मावशी पडल्या भिडस्त, काकांना कोणीच सांगितलं नाही.

शेवटी काकूने निर्वाणीचं सांगितलं. "अहो, रविवारच्या शर्यतीत जोडांत पाणी शिरलं तर बाथरूम माझं. नाही शिरलं, तर तुमच्या कामाबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

काका इरेला पेटले. प्रत्येक जोडावर, तापवली की आवळून बसणारी नळी चढवली. प्लगांत ग्रीस कोंबलं. रिमोटचा हुकूम घेणारी डबी फुग्यात घालून त्याचं तोंड बांधलं आणि बोटीचं वरचं झाकण सिलिकॉनने लिंपून टाकलं. रिमोटचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, तो हातात असतो, त्याला पाण्यात कोण नेतंय.

रविवारी शर्यतीत बोट सुसाट सुटली. काका हरखून काठाकाठाने पुढे सरकले, शेवाळावरून घसरले आणि रिमोटसकट तळ्यात पडले. रिमोट जागीच गेला. संच जुना, रिमोट बंद पडला तरी न थांबणारा, त्यामुळे बोटीने शेवटचा हुकूमच प्रमाण मानला: पूर्ण वेग, जरा डावीकडे. ती काकांभोवती गरागरा फिरू लागली. काका धरायला जात, ती निसटे. बाकीच्यांनी आपापल्या बोटी मुकाट बाहेर काढल्या आणि हिची बॅटरी संपायची वाट बघत बसले. मला हसू आवरेना, आणि काकांची दयाही आली.

घरी झाकण करवतीने कापावं लागलं. आत सगळं खडखडीत कोरडं. काकांच्या कानातून चिखल ओघळत होता, पण चेहरा फुलला होता. "बघ," ते म्हणाले, "एक थेंब नाही."

काकूने टॉर्च लावून नीट पाहिलं. मग काही न बोलता बाथरूमचं दार उघडून दाखवलं. टबात दुसरी बोट भिजत होती, आणि ती महिनाभर हलवायची नाही हा काकांचाच नियम. रविवार म्हणून दुकान बंद, मागचा नळही कुलपात. काकूने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

मी खिडकीतून पाहिलं. काका मावशींच्या दारात कुडकुडत बटण दाबत होते. दाबायचे, थांबायचे, पुन्हा दाबायचे. दार ठोठावावं हे त्यांच्या मनातही येत नव्हतं. स्वतःच्या कामावर भरवसाच तसा.

"सांगू का त्यांना जाऊन?" मी विचारलं.

"तुझं तू बघ," काकू म्हणाली. "मी शब्द दिलाय."