वाऱ्याखालची वस्ती

"उभी राह्य. पाठमोरी हो. दिसू दे सगळ्याईले."

सरांनी छडीच्या टोकानं माझ्या गणवेशाच्या पाठीवरची भोकं दाखवली. बारीक, तिळाएवढी. खांद्यापासून कमरेपर्यंत. वर्ग हसायला लागला. मी फळ्याकडे तोंड करून उभी. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: आम्लवर्षा.

सर विज्ञान शिकवत होते. कोळसा, तेल, रबर जळलं की गंधकाचे, नायट्रोजनचे वायू वर जातात. हवेतल्या पाण्यात मिसळतात. त्याचं आम्ल होतं आणि पावसासोबत खाली येतं. पानं करपतात, तळ्यातले मासे मरतात, मातीचा कस जातो, लोखंड झिजतं. दूरच्या देशांत अख्खी जंगलं वाळली म्हणे. मी हात वर केला. म्हणाले, "सर, आमच्या वस्तीवर पडते हे."

चूक एवढीच.

"तुमच्या वस्तीत साबण पडत नाही, आम्ल कुठून पडन?" सर म्हणाले. "हे भोकं उंदराचे हायेत. घर साफ ठेव म्हणाव तुह्या मायले."

तास संपेपर्यंत बसायला सांगितलं नाही. मी बसले नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "सर खोटं कायले बोलतीन? असतीन उंदीर." दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. घर सारवून काढलं. कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून बिळं शोधली. एकही सापडलं नाही. तरी शोधत राहिली. वर्गात मला लाज वाटली नव्हती. आईला तसं गुडघ्यावर रांगताना पाहिलं, तेव्हा वाटली. मग लाजेचा राग झाला.

आमचं गाव मेहकर तालुक्यात. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. तिला गाव आजही जुन्याच नावानं बोलावतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. वारा वर्षातला बराच काळ पश्चिमेचा. गावाचा वारा आमच्यावरून जावा, आमचा गावावरून जाऊ नये, म्हणून आम्हाला तिकडं बसवलं. कोणी, कधी, कुणालाच माहीत नाही. माहीत असायची गरजही कुणाला पडली नाही.

वर्गातल्या त्या दिवसाआधीच्या उन्हाळ्यात गाव आणि वस्तीच्या मधल्या पडीत जमिनीवर भट्टी आली. जुने टायर वितळवून तेल काढायची. जमीन दादासाहेबांची. गावात त्यांच्या शब्दापुढं कुणी शब्द टाकत नाही. वस्तीतल्या बायांना काम मिळालं, टायर कापायचं, तारा ओढून काढायचं. आईलाही. आम्ही खुश होतो. खोटं कशाला सांगू?

मग पाऊस लागला. धूर वर जाईना. खाली बसायचा आणि पावसासंगं आमच्या अंगणात उतरायचा. त्यात काजळीचे काळे कण. दोरीवरच्या कपड्यांवर पडले की तिथं भोक. अंगणातल्या पालकावर पांढरे डाग पडले, मग पानं जाळी होऊन गेली. नवे पत्रे तांबूस झाले. नळाचा भरवसा नाही, म्हणून आम्ही पत्र्याखाली ड्रम लावतो. त्याच पाण्यानं आईनं डोकं धुतलं आणि डोळे धरून खाली बसली. चार दिवस लाल होते. वस्तीमागच्या तळ्यात मासोळ्या उलट्या तरंगल्या. ग्रामपंचायतीत सांगायला गेलो तर बाहेरूनच उत्तर आलं, "काम पाह्यजे का नाही तुमाले?"

दिवाळीनंतर वारा फिरला.

तो दरवर्षी फिरतो. पूर्वेकडून गावाकडं वाहायला लागतो. त्या वर्षी त्याच्यात धूर होता. सकाळी दव पडायचं आणि दवासोबत तेच. तुरीचा फुलोरा गळला. देवळासमोरची तुळस करपली. आणि आठ-पंधरा दिवसांत ग्रामसभा बसली.

मी आईसोबत गेले. बायांच्या बाजूला, मागं बसलो. सगळ्यात आधी आमचे सर उठले. त्यांचीही तूर होती. "मंडळी, विज्ञान याले आम्लवर्षा म्हणते. ते दवातूनही उतरते. माह्या नव्या गाडीचा रंग गेला, पाहा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरात साबण आहे का, असं सरांना कुणी विचारलं नाही.

दादासाहेबांनी तोड काढली. "हिवाळ्यात भट्टी बंद. मृगापासून दसऱ्यापर्यंत चालू. पावसात धूर धुऊन जाते, कोणालेच तरास नाही. मंजूर?"

हात वर गेले. वस्तीतल्या बायांचेही. माझ्या आईचाही.

मी उठले. "धुऊन जाते, तर कोणावर जाते?"

दादासाहेब हसले. "बस खाली, पोरी. तुले मत हाये काय?"

"मतदान नाही. मत हाये. आमच्या अंगावर पडणारं पाणी तुमी मंजूर करून राह्यले."

आई माझी ओढणी ओढत होती. "बस व माय, बस." मी सरांकडं वळले. "सर, आता सांगा. वस्तीवर पडते का नाही?"

सरांनी खाली पाहिलं. "विषय वाढवू नको," म्हणाले.

ठराव झाला. दुसऱ्या दिवशी भट्टी थंड होती, टायर कापायचं काम तेवढं चालू होतं; आईला फाटकातूनच परत पाठवलं. वस्तीतही शिव्या मलाच. "शायनी झाली पोट्टी. आता भट्टी सुरू झाली तरी आपल्याले कोण बलावन?" आई भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. डोणगावच्या बाजारात ती आता भाजी विकायला बसते, दुसऱ्याच्या मळ्यातली. आमच्या अंगणात काही उगवत नाही.

तिच्याशी मी भांडत नाही. तिनं हात वर केला, कारण खाली ठेवला असता तर संध्याकाळची चूल बंद होती. ज्यांची चूल बंद होणार नव्हती, त्यांनीही वर केला. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आता वैशाख सरत आलाय. भट्टीच्या आवारात टायरांचे ढीग पडलेत, मृगाची वाट पाहत. मी घरोघरी जाऊन आले. काही दारं तोंडावर लागली. तीन बाया हो म्हणाल्या. आई अजून काही बोलली नाही.

भट्टी पेटायच्या दिवशी मी फाटकासमोर बसणार आहे. बाया आल्या तर त्यांच्यासोबत. नाही आल्या तर एकटी. वारा कोणत्या बाजूचा असताना धूर सोडायचा, हे गावानं ठरवून घेतलं, आमची जागाही ठरवली. त्या दिवशी मी कुठं बसायचं, ते मी ठरवलंय. उठवायला आले, तरी उठणार नाही.