वीरगळाची पायरी

कंपनीच्या साहेबाच्या नोकरीचा माझा पहिला दिवस. नाव बेटाजवळ आली आणि देवळातनं धूर निघताना दिसला. मला वाटलं, कुणीतरी धूप जाळला. वल्हं मांडीवर ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. नाव गर्रकन फिरली. मुंबईच्या पाहुण्या बाईंच्या पातळावर पाणी उडालं.

"कोंबडीच्या पाया पडतोय हा," साहेब म्हणाला.

गाभाऱ्यात चूल घातली होती. सगळे हसले. मीही हसलो. नोकर माणसानं हसायचं असतं.

ते बेट म्हणजे आमची टेकडी. खाली गाव, वर देऊळ, देवळापुढं दगडी धर्मशाळा. धरण झालं, पाणी टेकडीच्या कमरेला लागलं. देव आम्ही नव्या वस्तीवर नेला. देऊळ कसं नेणार? धरणाच्या कंपनीनं टेकडीही कागदात घेतली होती. जे बुडालं ते गेलंच. जे बुडालं नाही तेही गेलं. धर्मशाळेला काचेच्या खिडक्या बसल्या आणि तिचा बंगला झाला. खाली माझं शेत, वर माझं वल्हं. शेती सुटली म्हणावं, तर तसंही नाही.

देवळामागं वीरगळ उभा होता. आमचा मूळपुरुष गाई सोडवताना पडला, त्याचा दगड. खालच्या खणात तो लढतोय, वरच्या खणात देवापुढं बसलाय. नाव कुणाला ठाऊक नाही. नाक झिजलेलं, तेवढं मात्र आमच्या घराण्यात उतरलंय. नवी सून आधी त्याला तेल घालायची, मग घराचा उंबरा ओलांडायची. माझ्या बायकोनंही घातलं होतं, दोन्ही तळव्यांनी चोळून. गाव उठलं तेव्हा त्याला हलवला नाही. एवढ्या उंच पाणी येणार नाही, मग कशाला उठवा? आम्ही पाण्याला भ्यालो. कागदाला भ्यायला हवं होतं.

एकदा त्या बाईंचा पाय बेटाच्या धक्क्यावर घसरला. साहेबानं देवळामागं बोट दाखवलं. मुकादम आमच्याच मावळातला, टाकव्याकडचा. तो मला म्हणाला, "त्यो नक्षीचा दगूड काढ. पायरीला आडवा टाक. नक्षी वर ठेव, म्हंजी पाय घसरायचा न्हाई."

"भाऊ, आमचा मानूस हाये त्यो."

"मानूस कसला? दगूड हाये. मालकाचा हाये. तू काय बेटाचा मालक हाईस व्हय?"

बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "त्याला सांगा, आम्ही चपला काढून पाय ठेवू."

चांगल्या मनानं बोलल्या. तेच लागलं. शिवी दिली असती तर गिळली असती, सवय होती.

मी पहार घेतली. दगडाच्या बुडाशी टेकवली. तिथं तेलाचा काळा थर होता, पिढ्यान्पिढ्यांच्या सुनांच्या हातचा. पहार घसरली. पुन्हा लावली नाही. जमिनीवर ठेवली.

"न्हाई काढनार."

"मंग उद्यापासनं येऊ नगंस."

"उद्या कशाला? आत्तापासनंच."

असं बाणेदार बोलून नावेकडं वळलो. मग आठवलं, नावही त्यांचीच. मुकादम बघत होता. मी पाण्यात उडी टाकली.

पोहताना रडलो. पाण्यात बरं असतं, कुणाला दिसत नाही. खाली आमची चिंच, आमचं खळं, घराचं जोतं. काही लागतंय का म्हणून पाय खाली सोडून बघितला. नुसतं गार. काठाला लागलो तेव्हा धोतर पाण्यातच राहिलं होतं.

करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशानं, लंगोटीवर घर गाठलं. बायको भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. मी न्हाई म्हटलं, हे जरा छाती काढून सांगितलं. ती हसली नाही, शाबासही म्हणाली नाही. पिठाचे हात झटकून उठली.

"तुमी न्हाई म्हनलात, उद्या दुसरा व्हय म्हनंल. उजाडायच्या आत त्याला हितं आनायचा. वस्तीवर जावा, समद्यांना हाका मारा. तराफ्याला लाकूड लागंल, छपराचं वासं मी सोडवते. आन् उभं काय ऱ्हायलात? धोतर मागनं नेसा."