पाणसळीतली पन्हळ

कंत्राटदाराने पन्हळ बसवली त्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या प्लॉटवर पोहोचले, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता आणि लेकीला शालूत पाहावे तसा घराकडे पाहत होता. मंगलोरी कौलांच्या तांबड्या कडेखाली जस्ताच्या पत्र्याची नवी पन्हळ मावळत्या उजेडात मंद चमकत होती. उत्तरेच्या कोपऱ्यापासून ती निघाली होती ती थेट दक्षिणेच्या कोपऱ्यावर, जिथे पाणी खाली आणणारा नळ जोडला होता, तिथपर्यंत एका रेषेत गेली होती.

"अक्का, दोरी लावून बघा," तो म्हणाला. "केसाएवढा फरक निघाला तर मिशी उतरवून ठेवतो तुमच्या उंबऱ्यावर."

तो जतकडचा. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असूनही तो मला अक्का म्हणे, आणि ते माझ्या कानाला गोड लागे. मी दोरी लावली नाही. रेषा खरोखरच देखणी होती, आणि सुबक गोष्टीपुढे मी लवकर गप्प होते. ही माझी खोड त्या वर्षी मला फार महागात पडायची होती.

घर माझ्या नावावर होते. शिक्षकांच्या सोसायटीत मला प्लॉट मिळाला होता आणि यजमान सैन्यात, सीमेवर. त्यांची पत्रे येत ती रॉकेलच्या वासाची आणि थंडीने आखडलेल्या अक्षरांची. बांधकाम मी एकटीने पाहिले. गुढीपाडव्यानंतर पाया खणला तेव्हाचा काळ्या मातीचा आंबूस दरवळ, चुन्याच्या घाण्यात फिरणाऱ्या दगडाची घरघर, ओल्या विटांवर पाणी मारले की उठणारा तो सुस्कारा, सागाच्या भुशाची तपकिरीसारखी नाकात चढणारी झणझण, यातले काही मी दुसऱ्या कोणावर सोपवले नव्हते. भिंती त्याने अप्रतिम उभ्या केल्या. तळहात टेकवावा तर कुठे फुगवटा नाही, कुठे खळगा नाही. दुपारी सगळे जेवायला बसले की मी त्या भिंतींवरून नुसता हात फिरवत असे.

मग आश्विनात परतीचा पाऊस आला. मी गावभागातल्या भाड्याच्या खोलीतून छत्री घेऊन घर पाहायला गेले होते. पाऊस पूर्वेकडून आला आणि रानातल्या धुळीचा वास पुढे घालून थेट आमच्या दर्शनी बाजूवर उतरला. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि कान वर लावले.

माझे माहेर साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. तिथे चार महिने पावसाशिवाय दुसरा शेजारी नसे. आमच्या घराला चिरलेल्या कळकाच्या पन्हळी होत्या. अंथरुणात पडल्या पडल्या वडील आवाजावरून सांगत, की परसदारची पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली आहे किंवा गोठ्याकडची एका बाजूने खचली आहे. पाणी पन्हळीत बोलत गेले पाहिजे, हे मला चालायला येण्याच्या आधीपासून ठाऊक होते. आणि माझ्या स्वतःच्या घराची पन्हळ मुकी होती. कौलांवरून पाणी तिच्यात पडत होते, पण पुढे जात नव्हते. थोड्या वेळाने पत्र्याच्या सांध्यांतून थेंब लोंबू लागले, आणि मग मध्यभागी, जिथे पाण्याच्या भाराने पत्रा किंचित लवला असावा, काठावरूनच पाणी ओघळले आणि आतल्या बाजूने भिंतीवर उतरले. त्या भिंतीआड माझी खोली होणार होती. तीत मी माझे टेबल आणि पुस्तकांचे कपाट मांडणार होते. दुसऱ्या दिवशी आतून हात लावला तर गिलावा गार आणि पिठूळ लागला. ओल्या चुन्याचा तो वास सुती कपडे कुबट झाल्यावर येतो तसा होता.

कंत्राटदाराने आधी सांगितले, पाऊस तिरका होता, भिंतच भिजली, पन्हळीचा दोष नाही. मी सांधे दाखवले, तेव्हा त्याने माणूस बोलावून कथलाचे नवे डाग दिले. आठवड्याने आणखी एक सर आली. सांधे टिकले, पण काठावरून पाणी पूर्वीसारखेच भिंतीवर आले. मी म्हटले, पन्हळीला उतार नाही. नळाकडे बोटभर तरी ढाळ हवा. तो हसला. मग मी चेष्टा करत नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"तिरकी करू? रस्त्यावनं जाणारं माणूस म्हणंल, ह्याला पाणसळ धरता येत न्हाई. आवं, पाणसळ लावून बसवलीया म्या."

पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मध्यावर आला की सपाटी साधली. विटांचा थर घालावा तशी त्याने पन्हळ घातली होती. त्या क्षणी मला सगळे उमगले. त्याच्या मुलखात धाब्याची, सपाट मातीच्या छपरांची घरे. पाऊस इतका क्वचित येतो, की लोक त्याला पाहायला अंगणात जातात. पन्हळ त्याच्या गावात कोणाच्याच घराला नव्हती. सांगली-मिरजेत त्याने भिंती बांधल्या, कुंपणे घातली, धर्मशाळेचा एक मजला चढवला, पण पाण्याला वाट करून देणे हे काम त्याला कोणी शिकवलेच नव्हते. हे मी बोलून दाखवले असते तर कदाचित बरे झाले असते. मी एवढेच म्हटले, की मला ती उतरवून पुन्हा बसवून हवी.

"पाऊस तर गेला आता. मृगापातूर कशाला जीव खाता? सायेब रजेवर येऊ द्यात, त्येंच्याशी बोलतो."

मी म्हटले, घर माझे आहे, माझ्याशी बोला. त्याने पायातली चप्पल झटकली आणि गेला. त्या दिवसापासून मी अक्काची बाईसाहेब झाले.

यजमानांना मी सविस्तर लिहिले. उत्तर आले, की भांडू नकोस, कारागीर माणूस दुखावू नये, मी आल्यावर पाहीन. पत्र मी दोनदा वाचले. त्यांची माया त्यात होती. पण रजा कधी मंजूर होईल याचा नेम नव्हता, आणि पुढचा पाऊस तिची वाट पाहणार नव्हता. आणि मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. ते आल्यावर ज्या दिवशी पन्हळ नीट होईल, त्या दिवसापासून या घरात माझ्या सांगण्याला किंमत उरणार नाही.

त्याचे पैसे सगळे चुकते झाले होते, त्यामुळे त्याला अडवायला माझ्या हातात काही नव्हते. एक गोष्ट सोडून. वास्तुशांतीला आमच्याकडे कारागिरांचा मान करतात. गवंड्याला, सुताराला टोपी-उपरणे, आणि कंत्राटदाराला सगळ्यांदेखत फेटा. आमच्या आजूबाजूला अजून दोऱ्या बांधलेले, खुंट्या ठोकलेले मोकळे प्लॉट होते. त्यांचे धनी त्या दिवशी जेवायला येणार होते. कंत्राटदाराने डोक्यावर फेटा घेऊन त्यांच्यात बसावे, पान खावे, आणि तिथेच पुढची कामे ठरावी, अशी ती रीत. मी त्याला आठ दिवस आधी निरोप धाडला, की पन्हळ उतारात आली तर फेटा बांधला जाईल, नाही तर नाही. त्याने निरोप्याबरोबर विचारले, फेट्याचा रंग कोणता धरलाय.

वास्तुशांती मार्गशीर्षात होती. यजमानांना रजा मिळाली नाही. नवरा शेजारी नाही म्हणून मी पूजेला बसायचे नाही असे ठरले, आणि वाळव्याच्या ऊसपट्ट्यातून थोरले दीर आणि जाऊबाई पाटावर बसायला आले. होमाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, तुपाचा आणि ओल्या समिधांचा वास नव्या रंगाच्या वासात मिसळला होता. मी पाहुण्यांना पाणी देत हिंडत होते. पूजा आटोपली. गवंड्याचा मान झाला, सुताराचा झाला. तबकात गुलाबी फेटा आणि नारळ राहिला. कंत्राटदार इस्त्रीचा सदरा घालून, डोके मोकळे ठेवून पुढे येऊन बसला. दिरांनी फेट्याला हात घातला. मी तबकावर पालथा पंजा ठेवला.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असताना त्यांनी जाऊबाईंकडे पाहिले.

"तिला म्हणावं, हात काढ."

"जाऊबाई, त्यांना म्हणावं, पन्हळीतून पाणी वाहिलं की काढते," मी म्हटले.

जाऊबाई बिचाऱ्या दोघांच्या मध्ये. त्यांनी पदराचे टोक तेवढे चावले.

"पाटावर कोण बसलं हुतं, इचार तिला."

"पाटावर तुम्ही बसलात, ते माझं भाग्य. पण पावसात भिंत माझी भिजते."

हे मी जाऊबाईंना न सांगता थेट दिरांकडे पाहून बोलले. माझ्या लग्नाला सहा वर्षे झाली होती, आणि ते पहिले वाक्य होते जे मी त्यांना उद्देशून उच्चारले.  प्लॉटवाल्यांपैकी कोणीतरी खाकरले. दिरांनी फेट्यावरचा हात मागे घेतला, रागाने की नवलाने, ते मला आजही ठरवता येत नाही. कंत्राटदार उठला, देवाला नमस्कार केला, आणि न जेवता चालता झाला. त्याच्या मानेवर, सदऱ्याच्या पांढऱ्या गळपट्टीच्या वर, रक्त चढलेले मला दिसले. मला वाईट वाटले. तरी मी तबक उचलून आत नेऊन ठेवले.

चार दिवसांनी रविवारी सकाळी तो एकटाच आला. खांद्यावर शिडी, सदऱ्याच्या खिशात पाणसळ.

"दाखवा तुमचा उतार," तो म्हणाला.

मी म्हटले, आधी तुमची सपाटी पाहू. त्याला शिडीवर चढवून मी पाण्याची कळशी वर दिली. उत्तरेच्या टोकाला ती ओतायला सांगितली. मग बांधावरच्या शेवग्याची दोन-तीन फुले तोडून त्याच्या हातात दिली आणि म्हटले, ही पाण्यावर सोडा. त्याने सोडली. शिडीखालून मला पन्हळीची फक्त बाहेरची कड दिसत होती, आणि तिच्यावर वाकलेला त्याचा चेहरा. मी नळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. नळातून काही आले नाही. रस्त्याने एक बैलगाडी गेली, तिच्या चाकांची करकर पार वळणापलीकडे विरली.

"फुलं कुठवर आली?" मी विचारले.

तो पन्हळीवर आणखी वाकला.

"हितंच हायत."

"फुंकर घाला."

त्याने फुंकर घातली असावी. मग त्याने मागितल्यावर मी दुसरी कळशी दिली, आणि तिसरी. तिसऱ्या कळशीला पाणी मध्यावरून काठ ओलांडून आले आणि भिंतीवरून, मी दाखवलेल्या जुन्याच डागावरून, खाली उतरले. त्याने ते उतरताना शेवटपर्यंत पाहिले. मग खाली आला, धोतराला हात पुसले आणि पन्हळीचे आकडे सोडवायला सुरुवात केली.

दोन दिवस लागले. नळाकडचे आकडे त्याने थोडे थोडे खाली घेतले, आणि दर वेळी रस्त्यापलीकडे जाऊन पाहून आला. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडावर कडू काही चावल्यासारखा भाव होता. मी म्हणाले, अजून बोटभर. तो पुन्हा चढला. शेवटी कळशी ओतली तेव्हा पाणी खळखळत गेले आणि फुले नळाच्या तोंडातून माझ्या पायांवर येऊन पडली. मी आत जाऊन तबक घेऊन आले.

त्याने फेट्याकडे पाहिले आणि मान हलवली.

"त्या दिवशी त्यो फेटा हुता, बाईसाहेब. आता नुसतं कापड हाय." शिडी खांद्यावर घेता घेता तो थांबला. "येक करा. कुणी इचारलं तर सांगा, तिरकी कंत्राटदारानं न्हाई केली."

मी कबूल केले. त्याने हे मागितले त्यात मला लाज वाटण्यासारखे काही नव्हते, आणि त्यालाही नव्हते. शेजारच्या तीन प्लॉटांची कामे त्यालाच मिळाली. मी कोणालाही अडवले नाही. भिंतींबद्दल विचारायला आले त्यांना मी माझ्या भिंतींवरून हात फिरवायला लावला.

उन्हाळ्यात यजमान रजेवर आले. सामान व्हरांड्यात ठेवण्याआधी ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, डोळे बारीक करून घराकडे पाहिले आणि म्हणाले, "पन्हळ वाकडी बसलीय गं. त्याला बोलावून घेतो, सरळ करून देईल."

"ती मी वाकडी करून घेतली आहे," मी म्हटले. "त्याला बोलावू नका."

त्यांनी मला आणखी काही विचारायला तोंड उघडले. भावाकडून त्यांना सगळे कळले असणार. दिरांच्या पत्रात माझ्याविषयी काय होते ते मी कधी विचारले नाही. यजमानांनी पन्हळीकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी ट्रंक उचलली आणि ती कोणत्या खोलीत ठेवायची, ते मला विचारले.