जेटपुढे फोडलेला नारळ

“नारळ पूर्ण करा, नाहीतर इंजिन उतरवा,” हॅरिस म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

आम्ही तिघं त्याच्या टेबलाभोवती उभे होतो. टेबलावर नारळाच्या करवंटीचे तुकडे मांडलेले. आमचे रत्नागिरीचे स्टोअरकीपर हनीफभाई ते मास्किंग टेपने एकमेकांना चिकटवत होते. शेजारी चौगुले, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर, कोल्हापूरचा. नारळ त्यानेच फोडलेला, त्यामुळे तो आरोपीसारखा मान खाली घालून होता. आणि तिसरा मी, गायकवाड, लायसन्स्ड इंजिनीयर. विमान उडवायला योग्य आहे अशी सही करणं हे माझं काम. त्या दिवशी माझी सही एका नारळापाशी अडली होती. अशी अट मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. मस्कतजवळ सीबला एका खासगी हँगरमध्ये मी नोकरीला होतो. हँगरमध्ये एकच विमान. ब्रिटिश बनावटीचं, दोन सीटचं जुनं लढाऊ ट्रेनर जेट. ते आमच्या अर्बाबचं. अर्बाब म्हणजे मालक. हे गृहस्थ तरुणपणी हवाई दलात पायलट होते. रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच जातीचं एक विमान मोडीत निघालेलं विकत घेतलं आणि दुरुस्त करून घेतलं. लोक घोडे पाळतात, यांनी जेट पाळलं. खायला दोघांनाही सारखंच लागतं.

दर वर्षी नोव्हेंबरात नॅशनल डेला ते या विमानातून एक फेरी मारत. त्या वर्षी डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या वेळी मेडिकल पास करणार नाही. म्हणजे ही शेवटची फेरी. हा माणूस रोज हँगरमध्ये येऊन विमानाच्या नाकावर हात फिरवून जायचा आणि मला विचारायचा, “गायकवाड, अपना तय्यारा उडेगा ना?” तय्यारा म्हणजे विमान. मी म्हणायचो, “इन्शाल्ला.” तो म्हणायचा, “इन्शाल्ला मेरे को बोलने दो. तुम यस ऑर नो बोलो.”

म्हणून त्या वर्षीची ॲन्युअल आम्ही जिवावर उदार होऊन केली. ॲन्युअल म्हणजे विमानाची वार्षिक तपासणी. सगळी पॅनेल उघडायची, आतल्या तारा, नळ्या, केबल्स बघायच्या, कुठे गंज, कुठे तडा ते शोधायचं. रबरी सील बदलायचे. इजेक्शन सीटखालची काडतुसं मुदत संपायच्या आत बदलायची, कारण ती सीट पायलटला विमानातून बाहेर फेकते आणि त्यात चालढकल चालत नाही. जुन्या विमानाचं दुखणं वेगळंच. पार्ट बनवणारी कंपनी बंद, ते बसवणारे म्हातारे, आणि मॅन्युअलमधलं नेमकं हवं ते पान तेल सांडून काळं झालेलं. तरी आम्ही सगळं पार पाडलं. उरला होता तो इंजिनचा ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघायचं.

नेमकी त्या रनच्या दिवशीच खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, हे चौगुलेच्या रक्तात. आमच्या घरी बुद्धवंदना होते. नारळ आमच्याकडे फक्त चटणीसाठी येतो. पण चौगुले दर वर्षी टूल बोर्डापुढे उदबत्ती फिरवायचा, पान्यांना हळदकुंकू लावायचा, त्याला माझी ना नव्हती. हॅरिसचीही नव्हती. हा हॅरिस आमचा क्वालिटी मॅनेजर, इंग्लंडचा. मात्र त्याची एक अट होती: पूजेनंतर फुलांची प्रत्येक पाकळी उचलायची.

यामागे कारण आहे. चालू जेट इंजिन पुढून हवा ओढून घेतं. त्या ओढीत जमिनीवरचा खडा, स्क्रू, बाटलीचं बूच, काहीही आत जातं आणि पाती फुटतात. आमच्या धंद्यात अशा कचऱ्याला एफओडी म्हणतात. म्हणून प्रत्येक हत्याराला बोर्डावर त्याच्याच आकाराची रंगवलेली जागा असते. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही. साधा स्क्रू-ड्रायव्हर हरवला म्हणून मी विमानं उभी राहिलेली पाहिली आहेत.

आता चौगुलेने काय करावं? टूल बोर्डापुढे पूजा केली, ती ठीक. पण अर्बाबची शेवटची फेरी म्हणून त्याला भरून आलं. त्याने नारळ घेतला, विमानापुढे गेला आणि चाक सरकू नये म्हणून लावतात त्या लोखंडी ठोकळ्यावर ताडकन फोडला. इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या तोंडांची, झाकणं आम्ही तपासणीसाठी नुकतीच काढलेली. दोन्ही इनटेक आ वासून उघडे. करवंटी चारी दिशांना उडाली.

मी धावत येईपर्यंत हा पठ्ठ्या खोबरं वाटत सुटला होता. मला दिलं, हनीफभाईंना दिलं. हॅरिसच्या ऑफिसात अर्बाब कावा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले होते, त्यांना करवंटीसकट एक तुकडा देऊन आला.

हॅरिस त्या वेळी रनवेकडून परत येत होता. त्याने ठोकळ्यावरचं पाणी पाहिलं, करवंटी पाहिली, उघडे इनटेक पाहिले.

“व्हॉट,” तो अगदी हळू म्हणाला, “इज दॅट?”

“सर, कोकोनट,” चौगुले म्हणाला.

“आणि बाकीचा कुठे आहे?”

“खोबरं वाटलं, सर,” एवढंच चौगुलेला आठवत होतं. अर्बाब तोवर निझव्याला त्यांच्या खजुराच्या बागेकडे निघून गेले होते.

मग शोध सुरू झाला. हँगरची फरशी आम्ही गुडघ्यांवर बसून तपासली. चौगुले बारीक, म्हणून तो टॉर्च घेऊन इनटेकमध्ये शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते आणि आतून “काही नाही साहेब, काही नाही साहेब” असा आवाज येत होता. पण टॉर्च पोचत नाही अशा जागा आत असतातच. हॅरिसने निकाल दिला: खोबरं पोटात गेलं ते गेलं, करवंटी मात्र अख्खी जुळली पाहिजे. एक कपचा जरी कमी पडला, तरी तो इंजिनात आहे असंच धरायचं आणि इंजिन उतरवायचं. जुनं इंजिन उतरवून परत बसवायला दोन महिने तरी जातात. तसं केलं असतं, तर नॅशनल डे इंजिन खाली ठेवूनच गेला असता.

तर असे आम्ही टेबलाभोवती उभे होतो.

“अवो साहेब,” हनीफभाई टेप फाडत मला म्हणाले, “उभा जन्म नारळ फोडन्यात गेला. जोडायची पाली आज आली.”

“बोलू नका, जोडा.”

“जोडतो. पन याची शेंडी आदी का नंतर?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी चौगुलेचा संतापही आला. त्याची नोकरी जाणार हे दिसत होतं. त्याला एवढंच कळत होतं की त्याने चांगलं करायला जाऊन अर्बाबची फेरी घालवली. “साहेब, मी अर्बाबच्या भल्यासाठीच केलं हो,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचं मला वाईट वाटलं, पण ते मी त्याला दाखवलं नाही.

नारळ जुळला. गोल, टेपने बांधलेला, वर शेंडी. फक्त एका बाजूला दोन बोटं आत जातील एवढं भोक. हॅरिसने त्या भोकात दोन बोटं घालून पाहिली.

“इंजिन उद्या उतरेल,” तो म्हणाला.

नेमके तेव्हाच अर्बाब निझव्याहून परतले. हातात खजुराचा डबा, चेहरा खुशीत. “गायकवाड! यल्ला, इंजिन कब चालू करता है?”

सांगायचं माझ्यावर आलं. नारळाचा एक तुकडा इंजिनात गेलाय, इंजिन उतरवावं लागेल, एवढं मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. टेप लावलेला नारळ त्यांनी हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. “खलास?” त्यांनी विचारलं. काहीतरी करायचं म्हणून मी चहा मागवला आणि काठोकाठ भरलेला कप त्यांच्यापुढे ठेवला.

आता हॅरिसच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. हे टेबल डुगडुगायचं. इतकं, की त्यावर अर्ध्याहून जास्त भरलेला कप ठेवायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. हॅरिसने नवं टेबल मागून मागून नाद सोडला होता. जेटचा स्क्रूसुद्धा ढिला न ठेवणारी आम्ही माणसं, पण टेबलाकडे कुणी बघितलं नव्हतं. ते कुणाच्याच खात्यात येत नव्हतं.

कप काठोकाठ होता आणि बशी कोरडी होती.

मी टेबलाला हात लावला. हललं नाही. जोरात ढकललं. तरी नाही. मग लक्षात आलं, एवढा वेळ हनीफभाई यावर नारळ जोडत होते आणि एकही तुकडा घरंगळून खाली पडला नव्हता.

मी खाली वाकलो. डाव्या पायाखाली करवंटीचा कपचा होता, खोबरं खाऊन साफ केलेला.

“हां, वो?” अर्बाब वरून म्हणाले. “वो मैंने रखा. सुबह कावा गिरता था. जो हिलता है, पहले उसको बंद करो. फिर दुसरा काम.”

हॅरिस स्वतः गुडघ्यावर बसला. तुकडा काढला, नारळाच्या भोकात बसवला. तंतोतंत बसला. मग हनीफभाई म्हणाले, “काखेत कलसा नि गावाला वलसा,” आणि चौगुले तिथेच फरशीवर बसून रडायला लागला. अर्बाबने त्याच्या तोंडात एक खजूर कोंबला.

ग्राउंड रन झाला. मी सही केली. नॅशनल डेला अर्बाब उडाले, ठरलेली एक फेरी मारली आणि टॉवरला न विचारता दुसरीही मारली. उतरल्यावर बराच वेळ कॉकपिटमध्येच बसून राहिले. आम्ही शिडी लावून उभे होतो, पण त्यांना हाक मारली नाही.

चौगुलेची नोकरी राहिली. फक्त हॅरिसने टूल बोर्डावर पान्यांच्या शेजारी एक गोल रंगवून घेतला, शेंडीसकट. खंडेनवमीचा नारळ तिथे लटकवायचा, बादलीत फोडायचा आणि जोडून परत जागेवर लावायचा. जोडायचं काम कायमचं हनीफभाईंकडे गेलं.

आणि तो कपचा? सगळं आटोपल्यावर हॅरिसने नारळातून तो हळूच काढला आणि परत टेबलाच्या पायाखाली सरकवला. वर लाल टॅग बांधला: काढू नये.

मेंटेनन्समध्ये माझा जन्म गेला. शिकलो ते एवढंच. डुगडुगणारं टेबल सगळ्यांना दिसतं, डुगडुगायचं थांबलेलं कुणालाच दिसत नाही. आमच्या खात्याला पगारवाढ का मिळत नाही, तेही मला त्या दिवशी टेबलाखालीच कळलं.