यास्मिनचा भोंगा

वर्कशॉप असलेल्या शाळेत दोन गोष्टी कधी संपत नाहीत. आटे गेलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू निदान दर दिवाळीला झाडून भंगारात जातात. किस्से कोण उचलणार? ते आमच्या स्टाफरूममध्येच पडून राहतात आणि चहाच्या वेळी कुणाच्या तरी पायात येतात.

आमची शाळा व्होकेशनल. छत्रपती संभाजीनगरच्या अशा भागात, जिथं नळाला पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं आणि येताना कुणाला विचारून येत नाही. शाळेत विभाग चार: इलेक्ट्रिकल, ऑटो, बेकरी आणि शिवणकाम. मी इलेक्ट्रिकलचा मुळे सर. या वर्षीचे किस्से मात्र सगळे एकाच पोरीभोवती फिरतात, आणि त्याला कारण आमचा फळा.

*

तर फळा. व्हरांड्यात, गेटमधून आत आलं की समोरच. वर कायमच्या रंगात लिहिलंय, ‘आमचे यश’. खाली दर सोमवारी नवीन यश लिहायचं, हा आमच्या प्राचार्य थोरात मॅडमचा नियम. “फळा कोरा दिसला तर पालकांना वाटेल, पोरं इथं नुसती डबा खायला येतात!”

लिहिणार आमचे शिपाई कचरू मामा. मोत्यासारखं अक्षर. पण अक्षर सुंदर असून भागत नाही, यश पण लागतं! जूनच्या पहिल्या सोमवारी कुणाकडेच काही नव्हतं. शेवटी ऑटोचे पठाडे सर म्हणाले, “लिहा, आमच्या पोरांनी शाळेची बंद पडलेली जीप गेटपर्यंत आणली.”

कचरू मामा खडू हातात धरून म्हणाले, “सर, चालवत कुठं आनली? आठ जणांनी ढकलली की!”

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि मजकूर सांगितला. आठवडाभर फळ्यावर झळकत होतं: ‘ऑटो विभागाच्या विद्यार्थ्यांनी सांघिक प्रयत्नांतून शाळेची जीप गेटपर्यंत आणली. अभिनंदन!’

*

त्याच आठवड्यात यास्मिन अकरावीच्या प्रवेशाला आली. फुलंब्रीची. सोबत वडील, रफिकभाई. गळ्यात मोजायची टेप तशीच. घाईत निघाले असतील म्हणावं, तर नंतर कळलं की ते टेपशिवाय कुठंच जात नाहीत.

“सर, स्टँडसमोर माझं टेलरिंगचं दुकान आहे,” ते म्हणाले. “घर में चार मशीनां हैं. आनि ही म्हणते, तार जोडनार!”

“अब्बा, मशीन बंद पडली की कोण चालू करतं?” यास्मिन म्हणाली.

रफिकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, हे असं बोलते. मग आमचा तह झाला. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघतो. उस तख्ते पे हिचं नाव लागलं, वो भी बिजली के काम का, तो अपन चुप. नाय लागलं तर सुट्टीनंतर शिवणकामात टाकायची. मंजूर?”

“मंजूर,” यास्मिनच बोलून गेली. मला विचारलंसुद्धा नाही!

जाताना रफिकभाई दारात थांबले. “सर, बुरा मत मानो. तुमच्या शर्टाचा खांदा उतरलाय.”

आता आमच्या विभागात खाकी कोट घालावा लागतो आणि सगळे कोट मुलग्यांच्या मापाचे. यास्मिनच्या अंगावर तो गुडघ्यापर्यंत लोंबायचा. रफिकभाई दर मंगळवारी अस्तर आणि रीळ घ्यायला शहरात यायचे, फळा वाचून जायचे. माझ्या शर्टात दर वेळी नवा दोष काढायचे. लेकीच्या त्या कोटाकडे मात्र कधी पाहायचेसुद्धा नाहीत.

एक सांगून टाकतो. मला ती पोरगी जायला नको होती. वीस वर्षं शिकवतोय, पण पहिल्याच महिन्यात इतका साफ जॉइंट मारणारा हात मी पाहिला नव्हता.

*

ऑगस्टमध्ये तपासणी समिती यायची होती. बेकरी विभागाने नानकटाई करायला घेतली. ओव्हन फक्त खालून तापत होता, त्यामुळे नानकटाई खालून काळी, वरून कच्ची. दुसरा घाणा जास्त वेळ ठेवला, तर तो असा कडक झाला की पठाडे सरांनी एक नानकटाई जीपच्या चाकाखाली अडकवून ठेवली. जीप हलली नाही!

समिती गेटवर आणि बेकरीच्या काळे मॅडम रडकुंडीला आलेल्या. यास्मिनने प्लग काढला, ओव्हनची पाठ उघडली, वरच्या कॉइलची जळलेली वायर बदलली. अर्ध्या तासात ओव्हन नीट. समितीने दोन प्लेटा संपवल्या आणि उरलेली नानकटाई रुमालात बांधूनही नेली.

सोमवारी मी ऐटीत व्हरांड्यात गेलो. फळ्यावर लिहिलं होतं: ‘बेकरी विभागाची नानकटाई उत्कृष्ट! तपासणी समितीची शाबासकी.’

मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये. “मॅडम, ओव्हन कुणी दुरुस्त केला?”

“मुळे सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “समितीने नानकटाई खाल्ली. ओव्हन नाही खाल्ला.”

*

मग आली मेहंदीची स्पर्धा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची चाचणी होती. जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही विझतो, त्या वायरिंगची आकृती काढायची होती. इलेक्ट्रिकलला मुली दोनच, यास्मिन आणि कोमल. कोमलच्या डोक्यात ती आकृती काही केल्या बसेना. स्पर्धेत यास्मिनच्या समोर हात धरून बसली होती कोमल. यास्मिनने विचार केला, बसायचंच आहे तर अभ्यासही होऊन जाऊ दे. तिने कोमलच्या तळहातावर अख्खी वायरिंग काढली. इकडे एक स्विच, तिकडे एक स्विच, मधे दिवा, भोवती थोडी पानं-फुलं.

परीक्षक म्हणून ब्युटी पार्लरच्या एक बाई आल्या होत्या. त्या चष्मा लावून बघतच राहिल्या. “ही नक्षी अरबी आहे की राजस्थानी?”

“जिन्याची आहे,” यास्मिन म्हणाली.

पहिला नंबर! आणि सोमवारी फळ्यावर नाव लागलं. ‘मेहंदी स्पर्धा. प्रथम: कु. यास्मिन शेख.’

मंगळवारी रफिकभाई आले. फळा दोनदा वाचला, आनंदानं माझा हातच धरला. “देखा सर? हातात सफाई आहे पोरीच्या. ये हात सुई के वास्ते बने हैं!” यास्मिन माझ्यामागे उभी होती. ती हातातल्या पकडीने उगाच वायरीचे तुकडे करत राहिली.

बाकी कोमलला चाचणीत पैकीच्या पैकी मार्क पडले. मेहंदीच्या हातानं पेपरला बसायचं नाही, असा नियम आमच्याकडे तेव्हा नव्हता. आता आहे.

*

कोमल शाळेमागच्या गल्लीत राहते. तिची आई पाण्याच्या दिवसात नळाकडे कान लावून बसलेली असते. स्वयंपाक करताना कान नळाकडे, देवपूजा करताना कान नळाकडे. एकदा डोळा लागला, पाणी येऊन गेलं, आणि मग आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

यास्मिनने हे ऐकलं आणि कामाला लागली. गल्लीला आणि शाळेला पाणी एकदमच येतं, म्हणून शाळेच्या हौदाच्या नळाखाली एक डबा. डब्यात दोन उघड्या तारा, एकमेकींना न लागणाऱ्या. नळाला पाणी आलं की डबा भरतो, पाण्यातून तारा जुळतात, बेल वाजते. सगळं बॅटरीवर, म्हणजे शॉकची भीती नाही. विचार सोपा, काम पक्कं. मी खूश! वर्कशॉपमधली बेल बिघडली होती म्हणून मीच म्हणालो, “तात्पुरती शाळेच्या बेलला जोड.”

ही चूक माझी. लिहून देतो.

गुरुवारी सकाळी साडेदहाला पाणी आलं. शाळेची बेल वाजायला लागली ती थांबेचना. आणि आमच्या शाळेत लांब बेल म्हणजे सुट्टी! चार मिनिटांत शाळा रिकामी. दप्तरं, डबे, सायकली, सगळं गेटबाहेर. पठाडे सर तर घरी जाऊन जेवायला बसले होते, त्यांना फोन करून परत बोलवावं लागलं.

मी तरीही हिय्या करून मॅडमना म्हणालो, “मॅडम, यंत्र चाललं ना पण. यास्मिनचं नाव फळ्यावर...”

“फळ्यावर?” मॅडमचा आवाज व्हरांड्यात घुमला. “मी तिला वर्गाबाहेर उभी करणार होते! पण वर्गात कुणी उरलंच नव्हतं, बाहेर कुठून काढू?”

*

शाळेच्या बेलला हात लावायचा नाही, असं ठरलं. तेव्हा पठाडे सरांना दया आली. अर्धवट जेवण सोडून यावं लागलं तरी माणूस दिलदार. त्यांनी भंगारातल्या ट्रकचा भोंगा काढून दिला.

पुढच्या पाळीला पाणी आलं आणि तो भोंगा वाजला. काय सांगू! हौदावरची कबुतरं दुपारपर्यंत परतली नाहीत. पण मागच्या गल्लीतल्या बायका कळशा, बादल्या, ड्रम घेऊन पाच मिनिटांत नळाला. त्या दिवशी एकाही घराचं पाणी चुकलं नाही.

कचरू मामा वर्कशॉपच्या दारात आले. “सर, गल्लीतल्या बाया इचारत्यात, भोंग्याची पोरगी कोन्ती? लई दुवा देत्यात. एकीनं शेवया धाडल्यात.”

आता कोण अडवणार? सोमवारी मी मजकूर कागदावर लिहूनच नेला. पण त्या सोमवारी फळा भरलेला होता. मॅडमचा एका संस्थेने सत्कार केला होता आणि कचरू मामांनी फुलाफुलांची किनार काढून तो अख्ख्या फळ्यावर उतरवला होता.

“पुढच्या सोमवारी यास्मिनचं नक्की,” मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी दिवाळीची सुट्टी लागत होती.

यास्मिनला ते मीच सांगितलं. तिने मान हलवली आणि तिच्या डब्यातले टेस्टर, पक्कड, इन्सुलेशन टेप एकेक करून शाळेच्या कपाटात परत ठेवायला लागली. मला तिथं उभं राहवेना.

*

सुट्टीआधीच्या शनिवारी पालक मेळावा. हॉल गच्च. शिक्षण खात्यातले एक निवृत्त साहेब पाहुणे. कडेच्या टेबलांवर मुलांनी केलेल्या वस्तू मांडलेल्या, त्यात यास्मिनचा भोंगाही. हौदापासून खिडकीतून वायर आत आणलेली. मॅडमनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

“वाजणार नाही ना?”

“पाणी आलं तरच, मॅडम.”

“परवाच येऊन गेलंय. आता कुठलं येतंय! राहू दे.”

रफिकभाई तिसऱ्या रांगेत बसले होते, गळ्यात टेप. शिवणकाम विभागाचा बदलीचा फॉर्म घडी करून वरच्या खिशात. येताना फळ्यापाशी थांबले होते. सुट्टी लागणार म्हणून कचरू मामांनी फळा स्वच्छ पुसून ठेवला होता.

साहेब बोलायला उठले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. “आजच्या पिढीत एकाग्रता राहिली नाही,” साहेब म्हणाले. “पण आज हे सभागृह पाहा. एकही माणूस जागचा हललेला नाही!”

आणि भोंगा वाजला.

दिवाळी तोंडावर म्हणून त्या दिवशी पाणी जादा सोडलं होतं. हे अर्थात नंतर कळलं. त्या क्षणी फक्त कोमलच्या आईचा आवाज आला, “पाणी!” आणि अख्खा हॉल उठला. खुर्च्या पडल्या, चपला बदलल्या. कचरू मामांनी हारांचं तबक साहेबांच्या हातात दिलं आणि गेले. काळे मॅडम गेल्या. पठाडे सर या वेळी खात्री करून, मला विचारून गेले. थोरात मॅडम शाळेच्या आवारातच राहतात. त्या साहेबांच्या शेजारून उठल्या, “साहेब, एक मिनिट, माझी मोटर,” एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून धावल्या.

दोन मिनिटांत हॉलमध्ये चौघं उरलो. साहेब, मी, कारण माझ्या भागात पाणी वेगळ्या दिवशी येतं, यास्मिन, आणि फुलंब्रीचे रफिकभाई.

साहेब तबक धरून माइकमध्येच म्हणाले, “काय झालं? आग लागली का कुठं?”

रफिकभाई सावकाश उभे राहिले. “नाय साहेब. पाणी आलं. माझ्या पोरीनं सांगितलं सगळ्यांना.”

यास्मिन टेबलामागे उभी होती, कोट गुडघ्यापर्यंत, चेहरा पांढराफटक. भोंगा बंद करायचंही तिला सुचलं नव्हतं. मीच जाऊन वायर काढली.

रफिकभाई तिच्यासमोर आले. खिशात हात घातला. मला वाटलं, झालं, फॉर्म निघाला. पण हात बाहेर आला तो टेलरचा चपटा निळा खडू घेऊन.

“सीधी खडी रह,” ते म्हणाले. त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर एक रेघ ओढली. मग डाव्या. “खांदा उतरलाय. जून से देख रहा हूँ.” मग बाहीवर एक रेघ, मग गुडघ्यापाशी वाकून एक. उठले, टेप लावली, खडू कोटाच्या छातीशी आणला आणि तिथंच थांबले.

मान वळवून त्यांनी मला विचारलं, “सर, टेस्टरचा खिसा कोनत्या बाजूला ठेवू?”