चौकशीताईंचा चौदावा प्रश्न

चौकशीताईंनी लहानपणापासून भोचकपणासाठी बोलणी खाल्ली. पाहुणा दारात उभा असतानाच, "काका, तुमच्या एकाच बुटाची नाडी नवी कशी?" असं विचारून त्यांनी आईची पंचाईत केली होती. पुढे बेचाळिसाव्या वर्षी एका संशोधन संस्थेने त्यांना नुसते प्रश्न विचारण्यासाठी कामावर घेतलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता लोकांचं डोकं खा, माझं सुटलं."

संस्था मुलांच्या हक्कांवर काम करायची. बांधकामांवर, भंगाराच्या गोदामांमागे पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुलं शाळेत जातात का, दुखलंखुपलं तर कुणाला सांगतात, कोण मारतं, याची पाहणी. अकरा वर्षं ताई हे फॉर्म भरत होत्या. जमिनीवर मांडी घालून बसायचं, आधी आईची परवानगी घ्यायची, मग मुलाची, आणि "नको वाटलं तर सांग, मी गप्प बसेन" असं बजावायचं. पेन्सिली दोन न्यायच्या, कारण एक मुलांच्याच हातात जाते.

त्या वर्षी चौदावा प्रश्न होता : 'तुला तुझे हक्क माहीत आहेत का?' उत्तराला दोनच चौकोन, हो आणि नाही. पहिल्या दिवशी नऊ मुलं "नाही" म्हणाली, दोन "हो". त्यातल्या एकीला ताईंनी विचारलं, "कुठले गं?"

"ते शाळेत असतात. बाईंच्या कपाटात."

ताईंना चैन पडेना. हक्काचं घर, हक्काचं माणूस, हक्काने मागून घे, असं आपण येता-जाता म्हणतो. मग पोरांना हा शब्द अडतो कुठे? घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, हक्काचं म्हणजे काय हो?"

"ज्याला विचारावं लागत नाही ते. तुझी शाल मी घेते, तेव्हा तुला विचारते का?"

"कधीच नाही."

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी प्रश्नच बदलला : "कुणालाही न विचारता तुला काय घेता येतं?" चौकोन तसेच सोडून उत्तरं समासात लिहू लागल्या. "पाणी नाही. पिंपाला मुकादमाचं कुलूप असतं." "धाकट्या भावाला. त्याला घेऊन कुठेही जाता येतं." "झोप घेता येते, पण बाळ रडेपर्यंत." एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "वाळूच्या ढिगाची मागची बाजू."

असे त्रेसष्ट फॉर्म संस्थेच्या मॅडमच्या टेबलावर गेले.

"ताई, हे काय? बाकीच्या सहाजणींनी एक विचारलं, तुम्ही भलतंच. प्रत्येकीचं माप वेगळं असेल तर मी बेरीज कशाची करू?"

"मॅडम, छापलेलं विचारलं तर बेरीज होईल हो, पण सगळी 'नाही'चीच."

"हे सगळे रद्द. पुढे तुम्हाला ठेवायचं की नाही, ते उद्याच्या बैठकीत ठरवू."

ताईंना जेवण गेलं नाही. नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण मॅडमचं म्हणणं बरोबर आहे हे जास्त खुपत होतं.

बैठकीत त्या आधीच म्हणाल्या, "चूक माझी. छापलेलं आहे तेच विचारायला हवं होतं. फक्त समास वाचून दाखवू का?"

त्यांनी एकेक समास वाचून दाखवला. मग कोपऱ्यातून एक सहकारी बोलली, "मला एकाने विचारलं, हक्क कधी वाटणार, रांग कुठे लावायची? मी आपली 'नाही'वर खूण केली."

सगळ्या हसल्या. मॅडम मात्र पुढे झुकल्या. "वाळूच्या ढिगाची मागची बाजू. तिथे काय आहे?"

ताई ओशाळल्या. "विचारलं नाही. समासात जागा संपली."

"तुम्ही? तुम्ही विचारलं नाही?"

अर्ध्या तासाने निकाल लागला. छापलेला प्रश्न राहणार, त्याच्याखाली ताईंचा प्रश्न चौदा-अ म्हणून सगळ्याच जणी विचारणार, उत्तराला तीन ओळी. ताईंची नोकरी राहिली. त्रेसष्ट फॉर्म मात्र रद्दच. ते पंधरा दिवसांत पहिल्यापासून भरायचे.

सोमवारी सकाळी ताई वाळूवालीच्या खोलीशी पोचल्या. तिचा चेहरा उतरला.

"मी नापास झाले का?"

"तू नाही गं बाई, मी झाले. परत लिहू देशील?"

तिने आधी पेन्सिल मागून घेतली, मग मान हलवली. तेरा प्रश्न भराभर झाले. चौदाव्याला "नाही". चौदा-अला पुन्हा तेच, वाळूच्या ढिगाची मागची बाजू.

"तिथे काय आहे?" ताईंनी विचारलं.

मुलीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ते मला न विचारता घेता येतं. तुम्हाला नाही."

"मग तुला विचारते. सांगशील?"

"नाही."

ताईंनी तीन ओळींत तेच जसंच्या तसं उतरवलं आणि पंधरावा प्रश्न विचारला.