कारण सांगणारी बाई

प्रियदर्शनी बनसोडे नेमकं काय काम करते, हे तासगावात कुणाला धड सांगता यायचं नाही. डॉक्टर म्हणावं तर ती सुई टोचत नाही, मास्तरीण म्हणावं तर शाळा नाही, सरकारी म्हणावं तर बुडाखाली जीप नाही. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत एक खुळखुळा आणि लाल लोकरीचा गुंडा, आणि आज या एसटीत तर उद्या त्या एसटीत. सांगलीच्या एका संस्थेनं तिला नेमलं होतं आणि हुद्दा दिला होता 'संयोजिका'. तो ऐकून माणसं बिचकायची. तिची आई शेजारणींना सोपं करून सांगायची, "जुळवाजुळव करती." त्यावर दोघी-तिघी आपापल्या उपवर लेकींचे फोटो घेऊन घरी आल्या होत्या.

जुळवाजुळव मात्र खरीच होती. कुठलं बाळ वेळेवर मान धरत नाही, कुठलं हाकेला वळत नाही, हे अंगणवाडीच्या बायांकडून काढून घ्यायचं. ऐकू येत नसेल तर मिरजेला तपासायला धाडायचं. हातपाय आखडले असतील तर दर गुरुवारी सांगलीहून पलूसला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंपुढं आणायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे घरच्यांना पटवायचं, की पोर अंगावर पितंय तोवरच हात लावला तर ते थोडंफार उभं राहील, पाच वर्षांचं झाल्यावर डोळे उघडून उपयोग नाही. "बोलंल की, ह्याचा बापबी उशिराच बोलला हुता," हे वाक्य कानावर आलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

तिडीक हा तिचा स्वभावच होता, आणि तो बापाकडून आला होता. धोंडिराम बनसोडे म्हणजे देव्हारा ओढ्यात सोडून दीक्षा घेतलेल्या पिढीतला माणूस. गावात कुणाच्या अंगात आलं की ते मुद्दाम पुढं जाऊन बसत आणि अंगात आलेल्या बाईला नाडी बघू का म्हणून विचारत. लेकीला त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. "कारण असल्याबिगर काय बी घडत न्हाई. कारण सांगता आलं की मान्साचं भ्या जातं." लेकीनं ते इतकं मनावर घेतलं होतं की कुणाच्या घरात करणी, पाप, बाहेरचं असलं काही निघालं की ती दोन्ही हातांनी ते उपटून काढायची आणि त्या जागी कारण ठेवायची. त्यात तिला सुख वाटायचं. खरं सांगायचं तर थोडी मिजासही वाटायची.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात ती कुंडलला जोतिबांच्या घरी गेली, तीही अशीच. जोतिबा म्हणजे फौजेतून पेन्शनवर आलेले, उसाचे चांगले बागायतदार. मुलगा धैर्यशील आसामकडं पलटणीत. सून क्रांती महाबळेश्वरच्या अलीकडच्या डोंगरातली. तिचे वडील लालासाहेब आणि जोतिबा एका तंबूत राहिलेले दोस्त, त्या दोस्तीतूनच सोयरीक झाली होती. रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. ते आलं नेमकं तिथल्या आषाढात. रस्त्यावर झाड आडवं पडलेलं, दवाखाना लांब, आणि क्रांतीनं दीड दिवस कळा सोसल्या. सिद्धू जन्मला, पण रडला नाही. आता तो आठ महिन्यांचा होता. मान लटपटायची आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे.

संस्थेची शिकवण अशी होती की असली गोष्ट एकट्या आईला सांगायची नाही, सगळं घर बसवून सांगायची, म्हणजे ओझं वाटलं जातं. प्रियदर्शनीनं धैर्यशीलची सुट्टी गाठली आणि सगळ्यांना सोप्यात बसवलं. सासूबाई मनुबाईंनी चहा दिला. कपबशी कुठल्या फळीवरून आली ते प्रियदर्शनीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. असल्या गोष्टींवर रागवत बसली असती तर तिचं एक घर पुढं सरकलं नसतं.

"आवं मॅडम, मला ठाव हाय कशानं झालं त्ये," मनुबाई म्हणाल्या. "आदल्या सालच्या दिवाळीच्या गिराणात हिला बजावलं हुतं, भाईर पडू नगं, इळी धरू नगं. ही भाजी चिरत बसली. महिना सुदिक सरला नव्हता हिला. आता भोगायचं सगळ्यांनी. नशिबाला कोण काय करनार?"

क्रांती खाली मान घालून बसली होती. ती मान बघून प्रियदर्शनीचा पारा चढला.

"मावशी, ग्रहणाचा काडीचा संबंध नाही," ती ठणकावून म्हणाली. "क्रांतीची काही चूक नाही. बाळंतपण लांबलं. बाळाचा श्वास आत कोंडला, मेंदूला मार बसला. जन्मल्यावर रडलं नाही, ते त्यामुळंच. हे पूर्ण बरं होणार नाही, पण आत्तापासून व्यायाम दिला तर सिद्धू बसंल. कदाचित धरून चालंल पण."

क्रांतीचे डोळे भरून आले. आठ महिन्यांत तिची चूक नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं.

जोतिबांनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजी येळंवर दवाखान्यात न्हेलं असतं, तर ह्ये झालं नसतं?"

"बहुतेक नसतं झालं."

"व्हय," जोतिबा म्हणाले, आणि त्यांनी मनुबाईंकडं पाहिलं. प्रियदर्शनीनंही ते बघणं पाहिलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय.

त्यानंतरचे तीन महिने सिद्धूच्या आयुष्यातले चांगले महिने होते. दर गुरुवारी क्रांती त्याला पलूसला आणायची. डॉक्टरीणबाई पाय सोडवायला शिकवायच्या, ते ती घरी तेल लावून मन लावून करायची. सिद्धू मान धरायला लागला. लाल गुंडा हलवला की तो नजरेनं त्याच्या मागं जायचा आणि हसायचा. उशीच्या आधारानं तो पहिल्यांदा बसला तेव्हा क्रांतीनं पलूसच्या त्या खोलीत टाळ्या पिटल्या आणि मग लाजून तोंडाला पदर लावला.

जूनमध्ये लागोपाठ दोन गुरुवार ती आली नाही. प्रियदर्शनी कुंडलला गेली. सोप्यात झोळी नव्हती, दोरीवर दुपटी नव्हती.

"म्हायेरी घातली," मनुबाई सरळ म्हणाल्या. "तुमीच सांगितलं न्हवं, बाळंतपणात बिघडलं म्हून? बाळंतपण कुणी क्येलं? आमी केलं? आमी धडधाकट सून धाडली हुती बाळंतपणाला. त्येंच्या हातनं बिघडलं, त्येंनी निस्तरावं. पोर चालतं करून आणा म्हनावं, आमचं दार उघडंच हाय."

"मावशी, असं कुठं असतंय का? पावसानं रस्ता बंद होता. आणि मी हे तुम्ही भांडावं म्हणून सांगितलं नव्हतं."

"गिराण म्हनत हुतो तवा आमी सोसतच हुतो की. तुमी कारण सांगितलं."

ती बाई खोटं बोलत नव्हती. ग्रहण होतं तोवर ते सगळ्यांचं नशीब होतं, कुरकुरत का होईना, पण पोर घरात होतं. कारण आलं तसा दोष आला, आणि दोषाला लगेच पत्ता सापडला. धैर्यशीलची बदली काश्मीरला झाली होती. जाताना तो म्हणे एवढंच बोलला होता, "आईबापाच्या म्होरं मी काय बोलू?"

संस्थेत तिनं विषय काढला. तिथल्या साहेबांनी समजुतीनं सांगितलं, की आपला भाग सांगली, पोर आता सातारा जिल्ह्यात गेलं, आपल्या हातात काही नाही. मग ती स्वतःच हात-पाय मारत बसली. तिथं कुणाची ओळख, इथं कुणाचा फोन, असं करत करत तिनं वाईला दर मंगळवारी बसणाऱ्या एका डॉक्टरांना तयार केलं. मुलाला फक्त आठवड्यातून एकदा घाट उतरवून आणायचं होतं. एवढं झालं असतं तर सिद्धूचे पाय अजून हातात होते. गणपती झाल्यावर तिनं रजा काढली आणि ती वर गेली.

पाऊस ओसरला होता, पण भिंती अजून ओल्या होत्या. क्रांती स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर मजुरणींबरोबर माती ओढत होती. घरात सिद्धू झोळीत होता. प्रियदर्शनीनं त्याला उचललं. मान पुन्हा मागं पडत होती. पाय ताठ, सोडवायला गेलं की किंचाळायचा. दिवसभर झोळीत, दुसरं काय होणार? भावजय आपल्या दोन पोरांत बेजार होती आणि क्रांतीला वाफ्यावर जाण्यावाचून सुटका नव्हती, कारण माहेरी परत आलेल्या लेकीनं बसून खाल्लेलं कुणाला सोसत नाही. प्रियदर्शनीनं तिथंच त्याचे पाय सोडवायला घेतले.

लालासाहेब पडवीत पाठ करून बसले होते. खांदे अजून फौजीच, पण अंगातला सदरा सैल झाला होता. ते झोळीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, नातवाकडं बघत नाहीत, चार घास गिळून उठतात, असं क्रांतीनं वाफ्यावरून घरी येताना वाटेतच सांगितलं होतं.

"काका, मंगळवारी याला वाईला न्यायला पाहिजे," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण नेणार?"

"मी न्हिऊ?" ते वळले नाहीत. "गाडीत मान्सं इचारत्यात, पोराला काय झालं. काय सांगू? आजानं क्येलं म्हून सांगू? बाई, पाऊस माझ्या हातात नव्हता. पर आदल्या दिशी जीप आली हुती. माझ्या दारात हुबी हुती. मीच म्हनलो, उद्या सकाळच्याला बघू." ते अंगणाकडंच बघत होते. "जोतिबानं सांगावा धाडला, लाला, तू माझा नातू मारलास. खरंच हाय त्ये. तुमीच सांगितलंसा न्हवं त्याला?"

प्रियदर्शनी उठून परसात आली. क्रांती तिच्या मागं आली होती.

"ताई, आबास्नी सांगा, मी कुंडलात पडले हुते म्हून," ती हळू आवाजात म्हणाली. "पाचव्या महिन्यात. हिरीच्या पायरीवनं. तवाच बाळाला मार बसला म्हना. तुमचं खरं मानतील ते."

"पडली होतीस?"

"न्हाई. पर मला काय, मला सवय हाय बोलणी खायची. ते जेवतील तरी. आन वाईला न्हेतील त्याला."

प्रियदर्शनी आजवर कामात कधी खोटं बोलली नव्हती. बापाची आठवण झाली. मग झोळीतलं रडणं कानावर आलं, आणि तिनं मनाशी हिशेब घातला, की एका खोट्यानं दोन माणसं उभी राहत असतील तर राहू देत. ती पडवीत गेली आणि मनुबाईंना ज्या आवाजात सांगितलं होतं त्याच खणखणीत आवाजात बोलली. डॉक्टरांशी पुन्हा बोलणं झालं, क्रांती पाचव्या महिन्यात कुंडलला पडली तेव्हाच मार बसला होता, जीप आदल्या दिवशी नेली असती तरी काही फरक पडला नसता.

लालासाहेबांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. ते उठले, आत गेले आणि नातू जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. दारात उभी राहिलेली क्रांती हसली. प्रियदर्शनीच्या जिवात जीव आला. चला, निदान हे तरी जुळलं.

"मग मंगळवारी," ती म्हणाली, "पहिल्या गाडीनं निघालात तर..."

"वाईला कशाला?" लालासाहेब म्हणाले. आवाज ताठ झाला होता. "मार त्येंच्या घरात बसला, पोर त्येंचं. इतकं दीस मी चोरावानी तोंड लपवून बसलो. उद्या मी सोता हिला आन पोराला कुंडलात सोडतो. जोतिबाला चार मान्सांत इचारतो, कुनी मारलं म्हून."

"अहो, ते ठेवून घेणार नाहीत!"

"न ठिवून घ्यायला काय झालं? आता बोलायला त्येंला तोंड ऱ्हायलं न्हाई. तुमी डाक्टरांची मान्सं, तुमीच सांगितलंय." मग लेकीकडं वळून ते म्हणाले, "आन तू गं? पडलीस त्ये बापाला बोलली न्हाईस? माझा जीव जाताना बघत ऱ्हायलीस?"

प्रियदर्शनीनं तोंड उघडलं. खोटं होतं म्हणावं, तर तो माणूस आत्ता इथं, नातू हातात असताना, पुन्हा खाली कोसळणार होता. न म्हणावं, तर उद्या कुंडलच्या दारात काय होणार ते तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. तिकडंही पोर घेणार नाहीत, आणि इकडंही आता ते परक्याचं झालं. दोन घरांत तिनं दोन कारणं नेऊन ठेवली होती, आणि वाईचे डॉक्टर मंगळवारी वाट बघत बसणार होते. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूसुद्धा फुटलं नाही.

क्रांतीनं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, बोलू नका म्हणून. मग तिनं बापाच्या हातातून सिद्धूला घेतलं, त्याला झोळीत निजवलं, आणि दोरीवरची दुपटी काढायला लागली. ती अजून ओलीच होती. तशीच घड्या घालून तिनं ती पिशवीत भरली.